जुना स्टुडिओ फ्लॅश चालेना? आधी बाहेरून तपासा

लग्नसराई जवळ आली की छायाचित्रकार बांधव माळ्यावरचा जुना स्टुडिओ फ्लॅश खाली काढतात. बटण दाबावे तर तो चार्ज होत नाही, किंवा चार्ज झाला तरी चमकत नाही. गिऱ्हाईक समोर बसलेले असते आणि घाईत हात स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. तो हात तेथेच थांबावा, यासाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

प्रथम रचना समजून घेऊ. २३० व्होल्टची वीज फ्लॅशमध्ये डीसी होऊन मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. कारागीर त्यालाच कंडेन्सर म्हणतात. तेथे साधारणपणे ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो. हा साठा झेनॉन वायूच्या नळीतून क्षणात बाहेर पडतो, तोच फ्लॅश. पिन काढल्यावरही कपॅसिटर भरलेला राहू शकतो. त्याचा धक्का जिवावर बेतू शकतो. टेस्ट बटण दाबून फ्लॅश मारला तरी साठा पूर्ण संपत नाही.

आता बिघाड ओळखू.

१) काहीच लागत नाही : बोर्डात दुसरा दिवा लावून पाहावा. मग वायर बदलावी. नंतर पिन काढून फ्यूज तपासावा. नवा फ्यूज त्याच अँपिअरचा व त्याच प्रकारचा असावा. तांब्याची तार कधीही लावू नये.

२) नवा फ्यूज लगेच उडतो : आत डायोड किंवा कपॅसिटर शॉर्ट असण्याची शक्यता आहे. मोठा फ्यूज घालून पाहू नये. थेट कारागिराकडे न्यावे.

३) मॉडेलिंग लॅम्प लागतो, पण चार्ज होत नाही : बोर्ड व वायर ठीक आहेत. काही फ्लॅशना लॅम्पचा व चार्जिंगचा फ्यूज वेगळा असतो, तो पाहावा.

४) चार्ज सावकाश होतो : एक्स्टेन्शनची वायर लांब व बारीक आहे काय, दाब कमी आहे काय, हे पाहावे. तरीही सुधारणा नसेल तर कपॅसिटर थकला असावा.

५) टेस्ट बटणावर चमकतो, कॅमेऱ्यावर नाही : दोष बहुधा सिंक कॉर्डचा असतो.

फ्लॅश वर्षानुवर्षे बंद असेल, तर कपॅसिटरच्या आतील ऑक्साईडचा थर क्षीण होतो. अशा वेळी एकदम पूर्ण पॉवर देऊ नये. सर्वांत कमी पॉवरवर अर्धा-एक तास चालू ठेवावा, मग टप्प्याटप्प्याने पॉवर वाढवावी व थोड्या थोड्या वेळाने फ्लॅश मारावा. या काळात जवळच थांबावे. वास, धूर किंवा चरचर जाणवताच पिन काढावी. पुढेही दोन-तीन महिन्यांतून एकदा फ्लॅश चालू करावा.

दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनाही विनंती आहे. स्क्रू-ड्रायव्हरने कपॅसिटर शॉर्ट करू नये. योग्य वॅटच्या रेझिस्टरमधून साठा उतरवावा आणि मीटरवर शून्य पाहूनच हात लावावा. शिकाऊ मुलाला एकट्याने फ्लॅश उघडू देऊ नये.

जुना फ्लॅश विकत घेतानाही तो पूर्ण पॉवरवर आठ-दहा वेळा मारून पाहावा, मगच पैसे द्यावेत. फ्यूज व वायर तपासणे मालकाचे काम. झाकणाच्या आतले काम जाणकाराचे. ही मर्यादा पाळली तर धंदाही चालेल आणि जीवही सुरक्षित राहील.