पत्त्यांची वाट

सिद्धगडाच्या पायथ्याच्या गांवीं दूरदेशाहून पत्र येतें, तेव्हां वाटेंतील प्रत्येक टपालकचेरीस त्या गांवाचें नांव ठाऊक असावें लागत नाहीं. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं योजिलेला व १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू झालेला पिनकोड तिला वाट दाखवितो. मुरबाडचा पिनकोड ४२१४०१, शहापूरचा ४२१६०१. परप्रांतीं पहिला ४ पाहिला कीं पुरे. ठाणें जिल्ह्यांत आल्यावरच शेवटचे आंकडे पाहावयाचे.

इंटरनेटवरील संदेशाची वाटही अशीच ठरते. संदेशाचे लहान तुकडे होतात व प्रत्येकावर पुष्कळदा शून्य व एक अशा ३२ अंकांचा पत्ता असतो. असे पत्ते सुमारें ४२९ कोटी होतात. राउटर नामक यंत्र ते सर्व लिहून ठेवीत नाहीं. त्याच्या कोष्टकांत पत्त्यांचे आरंभीचे भाग व त्यांच्या वाटा एवढेंच असतें. एकाहून अधिक भाग जुळल्यास सर्वांत लांब भाग प्रमाण मानावा. ४२१ ची वाट एक व ४२१४ ची दुसरी असेल, तर मुरबाडचें पत्र दुसरीनें जाईल.

मग अडचण कोणती? मुख्य राउटरांच्या कोष्टकांत ९ लाखांहून अधिक ओळी असतात. सेकंदास १०० गिगाबिट वाहणाऱ्या तारेवरून लहानांत लहान तुकडे सेकंदाला १४ कोटींवर येऊं शकतात. वेळेंत वाट न सांपडल्यास तुकडे गाळले जातात. शीघ्र स्मृति महाग व लहान. मोठी स्मृति मंद. सर्व ओळी एकदम ताडून पाहणारी चिप आहे, परंतु ती वीज फार खाते.

मुंबईच्या आय. आय. टी.चे १९८३ चे पदवीधर जॉर्ज वर्गीस यांनीं दोन सहकाऱ्यांसह २००४ सालीं ‘ट्री बिटमॅप’ ही काटकसरीची रीत प्रसिद्ध केली. तिचें मर्म असें. पत्त्याचे तीन अंक एकदम वाचले तर ८ फांटे संभवतात. प्रत्येकाचें ठिकाण २० अंकांनीं लिहिल्यास १६० अंकांची जागा लागेल. आणि पुष्कळ फांटे तर रिकामेच! त्याऐवजीं ८ घरांची पट्टी करावी. फांटा असेल तेथें १, नसेल तेथें ० लिहावें. असलेले फांटे स्मृतींत शेजारीं शेजारीं मांडून केवळ पहिल्याचें ठिकाण लिहावें. एकूण अंक २८!

समजा, पट्टी ०१००१०१० आहे व सातवा फांटा हवा आहे. त्याच्या डावीकडे दोन एक आहेत; म्हणून पहिल्या ठिकाणापासून दोन जागा पुढें जावें. ही मोजणी यंत्र क्षणार्धांत करितें. पाटीवर दुसरी पट्टी मांडून, वडील मंडळींसमवेत हें अवश्य करून पाहा. जें मोजून काढतां येतें, तें लिहून ठेवण्यांत जागा कां दवडावी?