लहान मोटारगाडीची पारख

मोटारगाडी घेण्यांत घरची कित्येक वर्षांची शिल्लक खर्च होते. तेव्हां रंगरूप पाहण्यापूर्वीं आकार, पेट्रोल व रोजची सोय ह्या तीन गोष्टी पारखाव्या, असें आम्हांस वाटतें.

टाटा नॅनोचें उदाहरण घेऊं. ही गाडी सन २००९ मध्यें बाजारांत आली व सन २०१८ पर्यंत तयार होत असे. लांबी सुमारें ३.१ मीटर, इंजिन ६२४ घन सेंटिमीटरांचें. इंजिन मागें असल्यामुळें चार माणसांस पुरेशी जागा मिळे. परंतु सामानास ती थोडीच उरे. विरारच्या गर्दीच्या रस्त्यांत असा लहान आकार हा गुण होय. अर्नाळ्याहून भाजीच्या पाट्या आणणारास मात्र तोच दोष वाटेल.

आतां पेट्रोलचें गणित पाहा. लिटरास १० किलोमीटर चालणारी गाडी १०० किलोमीटरांस १० लिटर घेते. १५ चालणारी सुमारें ६.७ लिटर. बचत ३.३ लिटरांची. परंतु २० ऐवजीं २५ चालणारी घेतल्यास ५ च्या जागीं ४ लिटर लागतात. बचत अवघी १ लिटर! नोकरीस लोकलनें जाणाऱ्या गृहस्थाची गाडी महिन्यास ३०० किलोमीटर धांवली, तर वांचतील केवळ ३ लिटर. तेवढ्यासाठीं म्हाताऱ्या आजीची बसण्याची जागा गमावणें शहाणपणाचें नव्हे.

सबब प्रथम घरचीं माणसें मोजावीं, मग रस्ता व सामान पाहावें, आणि शेवटीं पेट्रोलचा हिशेब करावा. हा शेवटला हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः मांडून वडिलांस दाखवावा.