एजंट नेमका कोणाचा?

आपल्या भागात जमिनीचा व्यवहार एजंटशिवाय क्वचितच होतो. विरारची वस्ती वैतरणा-सफाळ्याकडे सरकतेय, त्यात बुलेट ट्रेन आणि वाढवण बंदर. पण हा एजंट आपलं काय देणं लागतो, हे कोणी विचारत नाही.

उत्तर भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये आहे. काम सोपवणारा मालक, करणारा एजंट. मालकाने सांगितलं तसं वागायचं, काम नीट लक्ष देऊन करायचं, पैशाचा हिशोब द्यायचा, अडचण आली तर मालकाला विचारायचं. इथवर सगळ्यांना पटतं. खरी मेख कलम २१५ आणि २१६ मध्ये आहे.

समजा, वैतरण्याची तुमची वीस गुंठे जागा विकायला तुम्ही एकाला सांगितलं. शेजारून मोठा रस्ता जाणार हे त्याला कळलं, पण तो गप्प बसला. "गिऱ्हाईक मिळत नाही, मीच घेतो" म्हणाला. तुम्ही हो म्हटलंत तरी, महत्त्वाची गोष्ट लपवली म्हणून तो व्यवहार तुम्ही नाकारू शकता. (कायद्यातल्या उदाहरणात रस्त्याऐवजी खाण आहे, एवढाच फरक.) उलट, तुमच्यासाठी घर बघायला सांगितलं, तो "मालक विकत नाही" म्हणाला आणि गुपचूप स्वतः घेतलं? मग त्याने दिलेल्या किमतीतच ते तुम्हाला द्यायला तुम्ही त्याला भाग पाडू शकता.

दोन्हीकडून दलाली घेणं तर सर्रास चालतं. दोघांना माहीत असेल तर गोष्ट वेगळी. पण लपवून घेतली, तर तो कोणाचाच राहिला नाही, असं माझं स्पष्ट मत. कामात गैरवागणूक केली, तर कलम २२० प्रमाणे त्या भागाची दलालीही मागता येत नाही.

रेरा नोंदणी लागणाऱ्या प्लॉटिंगमधले प्लॉट किंवा फ्लॅट विकणाऱ्या एजंटला महारेराची नोंदणी हवीच. नोंदणी नसलेला असा प्रकल्प त्याने विकायचा नाही, आणि बुकिंगच्या वेळी गिऱ्हाइकाला मिळायला हवीत ती कागदपत्रं मिळवून द्यायची.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट. जागा आदिवासीची असेल, तर शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मिळाल्याशिवाय ती बिगर-आदिवासीला विकता येत नाही. "ते नंतर बघू" म्हणणाऱ्या एजंटला टोकन देऊ नका. आधी सातबारा मागा, आणि तोंडावर विचारा: दलाली कोणाकडून घेताय?