चिंता, व्यसन आणि समुपदेशन

"नुसत्या बोलण्याने दारू सुटते काय?" असे बिरसी परिसरातील रुग्णांचे नातेवाईक आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे. छातीतील धडधड व निद्रानाश यांवर उतारा म्हणून अनेकजण दारू जवळ करतात. नशा उतरताच तीच चिंता दुणावते आणि हात पुन्हा पेल्याकडे जातो. हे चक्र उपदेशाने तुटत नाही. विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडलेल्या पद्धतीत समुपदेशक दटावत नाही. दारू सोडण्याची कारणे रुग्णाच्याच तोंडून निघावीत, असे प्रश्न तो विचारतो.

गोव्यातील 'संगथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांकडून, पुरुष रुग्णांसाठी अशा जास्तीत जास्त चार बैठका घडविल्या. तीन महिन्यांनी पाहता, मागील १४ दिवसांत दारूला न शिवलेले ४२ टक्के होते. समुपदेशनाविना उपचार घेतलेल्यांत १८ टक्के. हिशेबाच्या वहीत आयुष्य गेलेल्या आम्हांस हे आकडे बोलके वाटतात.

मात्र हा प्रयोग शरीर पूर्णतः दारूच्या अधीन झालेल्यांसाठी नव्हता. अशा रुग्णाची दारू घरी एकाएकी तोडू नये. झटके किंवा भ्रम होऊन जिवावर बेतते. त्यास प्रथम वैद्यकीय देखरेखीखाली आणावे; बैठका त्यानंतर.