मनाचा रोग आणि खात्रीची माहिती

(वाचनाचा भाग : १ राजे १९:१–८)

एलीया संदेष्टा ईजबेलीच्या भयानें रानांत पळाला, एका झुडपाखालीं बसला आणि आपणांस मरण यावें म्हणून मागूं लागला, ही कथा आमच्या वाचकांस परिचित आहे. ज्या पुरुषानें नुकतेंच कर्मेल डोंगरावर राजासमक्ष निर्भयपणें देवाचें कार्य केलें होतें, त्याचीच ही अवस्था झाली. अशा वेळीं देवदूतानें त्याला काय दिलें ? भाकर दिली, पाणी दिलें आणि झोपूं दिलें. दोन वेळां उठवून खावयास सांगितलें. 'तुझा विश्वास कमी पडला' असा शब्दही काढला नाहीं. आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत मात्र अशा मनुष्याला भाकरीच्या आधीं उपदेश मिळतो, आणि त्याच्या घरच्यांस माहितीच्या आधीं सल्ला मिळतो. ह्या दुसऱ्या गोष्टीचा विचार आजच्या पाठांत करावयाचा आहे.

असें समजा कीं, लाखांदूर तालुक्यांतील एका घरचा विशीचा मुलगा धानाची रोवणी चालू असतां एकाएकीं कामास जाईनासा झाला. रात्रीं झोपत नाहीं, एकटाच बोलतो, शेजारी आपल्याविरुद्ध कट करतात असें म्हणतो, आईनें वाढलेल्या ताटांत विष आहे असा संशय घेतो. चार दिवसांत त्या घरीं चार मतें येतात. मामा म्हणतो, "बाहेरचें लागलें आहे, भगताकडे न्या." चुलती म्हणते, "लग्न करून द्या, आपोआप ठिकाणावर येईल." शेजारचा दुकानदार मोबाईलवरील व्हिडिओ दाखवून कसल्याशा मुळीचें चूर्ण सुचवितो. आणि मंडळींतील एखादा उत्साही बंधु म्हणतो, "उपास व प्रार्थना करा, गोळ्या घेणें म्हणजे अविश्वास होय." चौघेही मायेनेंच बोलतात, ह्यांत संशय नाहीं. परंतु चौघांपैकीं कोणीही त्या रोगाचा अभ्यास केलेला नाहीं, आणि सल्ला चुकला तर त्यांतील कोणालाही जाब द्यावा लागणार नाहीं. माहिती खात्रीची आहे कीं नाहीं हें पाहण्याची आमची कसोटी हीच : सांगणारा त्या विषयांत शिकलेला आहे काय, आणि आपल्या शब्दाबद्दल तो कोठें उत्तरदायी आहे काय ?

त्या चुलतीच्या सल्ल्याविषयीं दोन शब्द येथेंच सांगून टाकतों. लग्नानें मनाचा रोग बरा होत नाहीं. उलट, ज्या मुलीला कांहींच न कळवितां त्या घरीं देण्यांत येतें, तिचा संसार फसवणुकीनें सुरू होतो. पाळकांनीं अशा विवाहास संमति देण्यापूर्वीं सत्य दोन्ही घरांस ठाऊक आहे अशी खात्री करून घ्यावी.

खरी माहिती गांवांत पोहोंचली म्हणजे काय घडतें, ह्याचें उदाहरण आमच्या विदर्भांतच आहे. अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत 'विश्राम' नांवाचा एक उपक्रम चालविण्यांत आला. गोव्याची 'संगाथ' ही संस्था त्यांत होती. गांवांतील साध्या कार्यकर्त्यांस शिक्षण देऊन त्यांनीं लोकांत बसून नैराश्य म्हणजे काय, त्यावर उपाय आहे, तो कोठें मिळतो, हें सांगावें, दुःखितांचें ऐकून घ्यावें, आणि गरज असेल त्याला जवळच्या ठिकाणीं येणाऱ्या डॉक्टरांकडे पोहोंचवावें, अशी योजना होती. आरंभीं नैराश्य असलेल्या दर १०० मनुष्यांपैकीं उपचारासाठीं कोणाकडे गेलेले सुमारें ४ च आढळले. सुमारें दीड वर्षाच्या कामानंतर पुन्हां पाहिलें तों हें प्रमाण २७ पर्यंत आलें होतें. ह्याचा अहवाल २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. उपचाराची सोय गांवाच्या जवळ आली, हें त्याचें एक कारण खरेंच. तथापि, आपल्याला जें होत आहे तो रोग आहे, हेंच ज्याला ठाऊक नाहीं, तो दाराशीं आलेल्या डॉक्टराकडेही जात नाहीं.

२०१५–१६ सालीं देशांतील १२ राज्यांत मानसिक आरोग्याची मोठी पाहणी झाली. महाराष्ट्र त्यांत नव्हता. परंतु आमच्या सीमेपलीकडील मध्यप्रदेश व जवळचें छत्तीसगड हीं होतीं. प्रौढांपैकीं शेंकडा १०.६ लोकांस त्या वेळीं कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि त्यांतील बहुतेकांस उपचार मिळालेला नव्हता. तेव्हां ज्या मंडळींत शंभर प्रौढ माणसें उपासनेस बसतात, तिच्या पाळकानें 'आमच्याकडे असें कोणी नाहीं' असें म्हणूं नये.

आतां विचारावयाचें कोणाला ? आपल्या गांवची आशा कार्यकर्ती व प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर ही पहिली पायरी. पुढें भंडाऱ्याचें जिल्हा रुग्णालय. आणि त्याहून मोठी गरज पडल्यास सुमारें ६० किलोमीटरांवर नागपूरचें प्रादेशिक मनोरुग्णालय, जें १८६४ सालापासून चालत आलें आहे. त्याचें नांव घेतांच आमच्या लोकांच्या अंगावर कांटा येतो. पण तेथें जाणारा प्रत्येक जण कोंडला जात नाहीं. बाहेरच्या बाहेर तपासून, औषध घेऊन त्याच दिवशीं परत येणारेही असतात. येथें तीन शब्दांचा घोटाळा दूर केला पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे वैद्यकाची पदवी घेऊन पुढें मनाच्या रोगांचें विशेष शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तोच लिहून देतो, आणि त्याची नोंद वैद्यकीय परिषदेकडे असते. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ परीक्षा करतो व संभाषणाच्या मार्गानें उपचार करतो, गोळ्या देत नाहीं. त्याची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. समुपदेशक हें नांव मात्र आज पुष्कळ जण लावतात. म्हणून त्याचें शिक्षण कोठें झालें हें विचारण्यांत संकोच धरूं नये.

विचारण्याचा हा संकोच हेंच आमच्या लोकांचें मोठें दुबळेपण आहे. गर्दीच्या दिवशीं डॉक्टर दोन मिनिटांत चिठ्ठी लिहितात, आणि घरचा मनुष्य 'साहेबांना कसें विचारावें' म्हणून मुकाट्यानें बाहेर येतो. मग तीच गोष्ट तो बसच्या थांब्यावर भेटलेल्या अनोळखी मनुष्याला विचारतो ! वाचकहो, विचारणें हा उद्धटपणा नव्हे. तो कायद्यानें दिलेला हक्क आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालीं झाला व २९ मे २०१८ पासून अमलांत आला. त्याच्या २२ व्या कलमाप्रमाणें रोग्यास व त्यानें नेमलेल्या प्रतिनिधीस रोगाचें स्वरूप, योजलेला उपचार आणि त्याचे ठाऊक असलेले दुष्परिणाम हें सर्व समजण्याचा अधिकार आहे, आणि तेंही त्याला समजेल अशा भाषेंत. म्हणजे डॉक्टर इंग्रजींत बोलले तर 'साहेब, मराठींत सांगा' असें म्हणण्यास आमची निरक्षर माउलीही पात्र आहे.

म्हणून घरून निघण्यापूर्वींच मुलाच्या जुन्या वहीच्या पानावर प्रश्न लिहून न्यावे. लिहितां येत नसेल तर शिक्षकाकडून किंवा पाळकाकडून लिहून घ्यावे. रोगाचें नांव काय ? गोळीचा गुण किती दिवसांनीं दिसेल ? हा एक प्रश्न न विचारल्यामुळें किती उपचार फुकट जातात ! नैराश्यावरील गोळ्यांचा गुण दिसावयास बहुधा दोन ते सहा आठवडे लागतात. आमचा मनुष्य आठव्या दिवशीं 'कांहीं फरक नाहीं' म्हणून त्या टाकून देतो. त्रास काय होऊं शकेल ? संशय व भास यांवरील कांहीं औषधांनीं अंग ताठरतें, हात कांपतात, फार झोप येते, वजन वाढतें. हें आधीं कळलें असेल तर घरचे घाबरून औषध बंद करीत नाहींत, डॉक्टरांकडे परत जातात, आणि ते औषध बदलतात किंवा प्रमाण कमी करतात. संवय लागेल काय ? झोपेच्या कांहीं गोळ्यांची लागूं शकते. नैराश्यावरील नेहमींच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाहीं, तरी त्याही एकदम सोडूं नयेत. रक्त तपासावें लागेल काय ? लिथियम घेणाऱ्यास तें वेळोवेळीं लागतेंच. उत्तरें तेथेंच लिहून घ्यावीं, कारण घरीं येईपर्यंत अर्धीं विसरतात.

त्याच कायद्यानें रोग्याची माहिती गुप्त ठेवणें डॉक्टरांस बंधनकारक केलें आहे. आमच्या मंडळ्यांत मात्र 'प्रार्थनेची विनंती' म्हणून भरसभेंत नांव घेऊन एखाद्या भगिनीच्या आजाराची सर्व हकीकत सांगण्याची चाल आहे. ती बंद व्हावी.

आतां त्या उत्साही बंधूकडे वळतों. आम्ही प्रार्थनेविरुद्ध लिहीत नाहीं. ती आमचा श्वास आहे. परंतु पौलाचा प्रिय सोबती लूक हा वैद्य होता, आणि प्रेषितांच्या मंडळीनें त्याला त्याचा धंदा सोडावयास लाविल्याचें शास्त्रांत कोठेंही नाहीं. सभेंत बरें वाटलें म्हणून एकानें गोळ्या फेकल्या, पुढें तो तसाच राहिला कीं पुन्हां बिघडला, हें त्याच्या साक्षींत येत नाहीं. साक्ष पहिल्या आठवड्यांतच दिलेली असते. उपचार मध्येंच सोडल्यास संशय-भासाचा रोग पुष्कळदां उलटतो. औषध बंद करण्याचा सल्ला ज्यानें तें लिहून दिलें तोच देऊं शकतो. व्यासपीठावरून तो कोणींही देऊं नये, आम्हींही नाहीं.

भूत काढण्याच्या नांवाखालीं मारणें, दोरानें वा साखळीनें बांधणें, मिरचीची धुरी देणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एर्वाडी येथें मनोरुग्ण ठेवण्याच्या एका झोपडीवजा निवासाला आग लागली आणि २८ जण मरण पावले. पायांत साखळ्या असल्यामुळें त्यांस पळतां आलें नाहीं. तें स्थान कोणत्या धर्माचें होतें हें विचारून आपण आपली सुटका करून घेऊं नये. साखळी घालणाऱ्या हातांत त्या रोग्यांचे आप्तही होते, आणि त्यांस दुसरा मार्ग कोणीं सांगितलेला नव्हता.

छापील व चित्ररूप साहित्यही मराठींत आहे. स्किझोफ्रेनियावर २००४ सालीं सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट निघाला; ज्यांस वाचण्याची संवय नाहीं अशा नातलगांस तो अवश्य दाखवावा. कॅनडांत प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनीं ह्याच रोगाविषयीं जागृति करणारी संस्था पुण्यास स्थापन केली. तेथें रोग्यांचे आप्त एकमेकांस भेटतात. रोग्याशीं रोज कसें बोलावें, तो चिडला असतां काय करावें, हें असा आप्त चांगलें सांगतो. पण त्याच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला लागू पडेल असें नव्हे.

मोबाईलवर जें फिरतें त्यास वरचीच कसोटी लावावी. 'शंभर टक्के खात्री' आणि विकत घेण्याचा पत्ता हीं दोन्ही एकत्र दिसलीं तर तें तेथेंच सोडावें. फेफरें व वेड बरें करण्याच्या औषधांच्या जाहिरातींस १९५४ च्या कायद्यानेंच बंदी आहे.

एका प्रसंगीं मात्र माहिती शोधीत बसावयाचें नाहीं. कोणी मरणाची भाषा बोलूं लागला तर त्याला एकटें सोडूं नये, शेतांतील फवारणीचें औषध घरांतून हलवावें, आणि 'जीव देण्याचा विचार मनांत येतो काय ?' असें सरळ विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत शिरत नाहीं. कोणीं तसा प्रयत्न केलाच तर पोलिसांच्या भयानें घरीं लपवून न ठेवतां तत्काळ रुग्णालयांत न्यावें. २०१७ च्या कायद्यानें अशा मनुष्यास तीव्र मानसिक ताणाखालीं असलेला मानावयाचें आहे, आणि त्याच्या उपचाराची व काळजीची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

१० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनीची सोय सुरू आहे. क्रमांक १४४१६; पैसे पडत नाहींत, रात्रंदिवस कोणीतरी असतें आणि मराठींत बोलतां येतें. रोगी स्वतः बोलावयास तयार नसला तरी घरच्या मनुष्यानें बोलावें. त्या वेळीं जुन्या चिठ्ठ्या व गोळ्यांचीं पाकिटें जवळ ठेवावीं, म्हणजे औषधांचीं नांवें वाचून दाखवितां येतील.