कासाडी नदी आणि नागरिकांचा हक्क

नागरिकशास्त्राच्या तासाला हक्क व कर्तव्ये शिकविताना शिक्षकांनी दूरचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. पनवेल तालुक्यातील कासाडी नदी तळोजे औद्योगिक वसाहतीजवळून वाहत जाऊन खाडीस मिळते. ऑगस्ट २०१७ मध्ये या वसाहतीत निळ्या रंगाने माखलेली कुत्री आढळली व प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्याविरुद्ध कारवाई केली. नदीच्या प्रदूषणाची तक्रार राष्ट्रीय हरित लवादापुढेही गेली.

कुत्र्यांचा रंग सर्वांस दिसला. कोळ्याचे रिकामे जाळे मात्र सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. नदी सर्वांची असली, तरी ती नासल्याची झळ प्रथम तिच्यावर पोट भरणाऱ्यास लागते. म्हणून हा प्रश्न हक्काचा होय.

राज्यघटनेचा २१ वा अनुच्छेद जीविताचे संरक्षण करतो. प्रदूषणमुक्त पाणी व हवा यांचा उपभोग त्यातच अंतर्भूत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही निरोगी पर्यावरण हा मानवी हक्क मानला. अनुच्छेद ५१-क निसर्गरक्षण हे नागरिकाचे कर्तव्य ठरवितो.

उपक्रम : मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांस विचारावे, "पूर्वी आपल्या नदीत, ओढ्यात कोणती मासळी मिळे? आज कोणती मिळते?" दोन्ही याद्या वर्गात शेजारी-शेजारी लावाव्यात. दूषित पाण्यास मुलांनी हात लावू नये, ही दक्षता शिक्षकांनी घ्यावी. दुसऱ्या यादीतून गळालेले नाव म्हणजे कोणाच्या तरी ताटातील घास होय, हे मुलांस सहज उमगेल.