महासाथ, द्वेष आणि शेजार



कोविडच्या काळात आजाराच्या पाठोपाठ दुसरीही एक साथ पसरली. अमेरिकेत चिनी, कोरियन, फिलिपिनो अशा आशियाई वंशाच्या माणसांना ‘हा रोग तुम्हीच आणला’ असे ऐकवले गेले. कुणाला ढकलले, कुणावर थुंकले. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘स्टॉप एएपीआय हेट’ या गटाकडे मार्च २०२२ पर्यंत अशा सुमारे ११,५०० घटना कळवल्या गेल्या. द्वेष सगळीकडेच होता. पण तो सोसताना माणूस किती एकटा पडला, हे तो कुणाच्या शेजारात राहतो यावर पुष्कळसे अवलंबून होते. आज आपण त्याचाच थोडा अभ्यास करू.

टेक्सासमधील मिडलंड हे तेलविहिरींचे शहर. आशियाई वस्ती तुरळक. १४ मार्च २०२० रोजी म्यानमारहून येऊन स्थायिक झालेले एक कुटुंब तेथील दुकानात सामान घेत होते. त्यांना चिनी समजून एका तरुणाने वडिलांवर आणि दोन व सहा वर्षांच्या मुलांवर सुरीने वार केले. दुकानातील एका कामगाराने स्वतः जखमी होऊन त्याला आवरले, म्हणून अनर्थ टळला. हल्लेखोराला २०२२ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. हे कुटुंब चिनी नव्हतेच! पण जेथे आशियाई चेहरा क्वचितच दिसतो, तेथे असा फरक कोण करणार?

याउलट कॅलिफोर्नियातील ओकलंडचे चायनाटाउन. तेथे पिढ्यान्‌पिढ्या चिनी कुटुंबे राहतात, दुकाने थाटतात. तेथेही २०२१ च्या सुरुवातीला म्हाताऱ्या माणसांना रस्त्यात ढकलून पाडले गेले. पण त्याच फेब्रुवारीत ‘कम्पॅशन इन ओकलंड’ नावाने स्वयंसेवक पुढे आले. ते आजी-आजोबांना बँकेत, बाजारात सोबत करू लागले. त्यांत सर्व वंशांचे लोक होते.

म्हणजे आपली माणसे पुष्कळ असली की धोका नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. एकत्र राहणाऱ्यांवर बोट ठेवणेही सोपे असते. १९०० साली प्लेगच्या भीतीने सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनला वेढा घातला गेला. गोऱ्यांच्या इमारती तेवढ्या वगळल्या. न्यायालयाने त्याच वर्षी तो वेढा उठवला. वस्ती वार अडवत नाही. मात्र वार झाल्यावर आपल्या भाषेत सांगायला, विश्वास ठेवायला, उद्या सोबत यायला कुणीतरी असते. शिकागोत फॅरिस व डनहॅम या अभ्यासकांना १९३९ मध्येच आढळले होते की, आपल्या वंशाचे लोक थोडे असलेल्या भागात राहणाऱ्यांमध्ये मानसिक आजाराचे प्रमाण अधिक असते.

हे सारे दूरचे वाटेल. पण २०२० मध्ये आपल्या देशातही मणिपूर, नागालँड, मिझोरामच्या मुलामुलींना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाक मारली गेली. त्या मार्चमध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला सर्व राज्यांना सूचना पाठवून असा त्रास देणाऱ्यांवर कारवाई करायला सांगावे लागले. घरमालकांनी खोली सोडायला सांगितल्याच्याही तक्रारी होत्या. मुंबई-पुण्यात ही मुले इस्पितळांत, हॉटेलांत, पार्लरमध्ये काम करतात आणि दोघे-तिघे मिळून भाड्याने राहतात. येथे त्यांची आळी नाही, पाडा नाही. ती मिडलंडच्या त्या कुटुंबासारखीच.

त्यांतली पुष्कळ ख्रिस्ती आहेत. अशांना परक्या शहरात आपली माणसे भेटतात ती बहुधा रविवारी, मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात. आणि मार्च २०२० मध्ये, नेमकी गरज होती तेव्हा, साथीमुळे चर्चची दारेही बंद झाली. त्या महिन्यांत आपल्या धर्मग्रामातील भाडेकरू मुलींची चौकशी करायला कोण गेले होते, हे आम्ही परवा एकमेकांना विचारले. दोनच नावे निघाली.